दगडी घराचं मागचं दार

आई, मी सध्या इंग्लंडच्या खेड्यांतल्यासारखी जुनी, नटवलेली दगडी घरं काढते आहे. ती उभी राहणार आहेत उम्म अल कुवैनला, एका फार्मवर, खजुराच्या झाडांच्या मागे. काढते मात्र मी दुबईत, सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसात, पडदे ओढून, कारण दुपारचं ऊन सरळ स्क्रीनवर येतं. तू हसली असतीस. आपल्या स्वयंपाकघरात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, ज्यात तू गावाहून आणलेली आमसुलं ठेवायचीस, त्याच्या झाकणावर असंच एक घर होतं. ओबडधोबड दगडांच्या भिंती, कपाळावर ओढलेल्या टोपीसारखं गवताचं छप्पर, घराच्या मानाने फारच उंच आणि नक्षीदार धुराडं, दारावर गुलाबाचा वेल. मला आर्किटेक्ट व्हायचं आहे ते त्या झाकणामुळे, असं मी कॉलेजच्या मुलाखतीत सांगितलं होतं. परीक्षकांना ते फार आवडलं. मग घरी येऊन मला काळजी लागली की आपण खोटं तर नाही ना बोललो, कारण झाकण नुसतं झाकण होतं. त्यावरून शिकवलंस तू.

मी शाळेत उशिरा गेले, हे आता कोणाला सांगितलं तर लोकांना वाटतं आम्ही काहीतरी वेगळ्या विचारांचे होतो. तसं काही नव्हतं. शारजातल्या भारतीय शाळांमध्ये जागा मिळत नव्हती, इतकंच. लग्नाआधी तू गावच्या शाळेत शिकवत होतीस, म्हणून अल मजाजच्या त्या उंच इमारतीत, खाडीकडे खिडकी असलेल्या स्वयंपाकघरात, घडीच्या टेबलावर माझी शाळा भरू लागली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वर्षी जागा मिळाली. बाबा आनंदाने पेढे घेऊन आले होते, ते मला आठवतं. आणि तरीही तू मला त्या वर्षी पाठवलं नाहीस. मी बारा वर्षांची असताना तू गेलीस, त्यामुळे हे विचारायचं राहूनच गेलं, आणि गेले काही महिने ही घरं काढताना तोच प्रश्न माझ्या डोक्यात पुन्हा पुन्हा येतो. तू मला घरी ठेवलंस ते माझ्यासाठी, की त्या इमारतीत तुला बोलायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून? तू एकटी होतीस का, आई? आणि असशील, तर सहासात वर्षांची मी तुला पुरत होते का?

आपल्या शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे त्या डब्याचा तास. तू डबा टेबलावर ठेवायचीस, झाकण उभं करायचीस आणि विचारायचीस, आत कोण राहतं? मी सांगायचे, एक म्हातारी. धूर कुठून जातो? धुराड्यातून. पाणी कुठून येतं? खरकटं पाणी कुठे जातं? ती निजते कुठे? पाहुणा आला तर बसतो कुठे? बाहेरून घर दिसतंच आहे, ते काय काढायचं, असं तुझं म्हणणं. आतलं काढ. मग मी इंग्लंडच्या त्या म्हातारीच्या घरात आपल्या गावचं घर काढायचे, कारण मला दुसरं कुठलं माहीत नव्हतं. पडवी, माजघर, कोपऱ्यात देव, न्हाणीघर, भाताची कणगी. म्हातारीला तुळसही असायची. तू त्यातलं काहीच खोडलं नाहीस. एकदाच रागावलीस, ते मी मागचं दार काढायला विसरले तेव्हा. कागद हातात घेऊन म्हणालीस, "हे घर आहे की खोकं? मागचं दार कुठाय?" मग मऊ आवाजात सांगायला लागलीस की तुझ्या माहेरी पुढचं दार पुरुषांचं आणि पाहुण्यांचं, खरी वर्दळ मागे. काकू कालवण द्यायची ती मागून, चुलतबहिणी वेणी घालायला यायच्या त्या मागून, भांडण व्हायचं आणि मिटायचं ते मागे. सांगता सांगता तू आपल्या फ्लॅटच्या एकुलत्या एका दाराकडे बघितलंस आणि थांबलीस. ते थांबणं माझ्या लक्षात राहिलं. मी इतकी वर्षं त्या एका थांबण्यावरून बरंच काही धरून चालले होते, ते आता मला कळतंय.

या घरांबद्दल मी जे वाचलं ते तुला सांगते. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये श्रीमंतांना असा नाद लागला की आपल्या बागेतून, खिडकीतून, बग्गीतून जाताना एखादं गरिबाचं घर दिसावं, पण ते खऱ्या गरिबाच्या घरासारखं नसावं. म्हणून मोठमोठ्या वास्तुविशारदांना बोलावून छोटी छोटी खेडवळ घरं बांधून घेतली. मुद्दाम वाकडीतिकडी छपरं, मुद्दाम न घडवलेले दगड, पडवीला सालीसकट झाडांचे बुंधे खांब म्हणून, खिडक्यांना शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या शंकरपाळ्यांसारख्या काचा, आणि प्रत्येक धुराडं वेगळ्या नक्षीचं. काही घरं नुसती बायकांनी चहा प्यायला यावं म्हणून होती. काही बागेच्या फाटकावरच्या राखणदाराची. आणि एका धनवान माणसाने तर आपल्या म्हाताऱ्या नोकरांसाठी हिरवळीभोवती अशा घरांची एक वस्तीच बांधली, एकासारखं दुसरं नाही, मधोमध पाण्याचा हातपंप. असं म्हणतात की त्या घरांची दारं मुद्दाम एकमेकांकडे पाठ करून ठेवली होती, म्हाताऱ्यांनी दारात उभं राहून गप्पा छाटत बसू नये म्हणून. हे खरं की नंतर कोणी जोडलेली गोष्ट, याची मला खात्री करता आली नाही, म्हणून मी ते ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये घातलं नाही. पण मला रात्रंदिवस तेच दिसायचं. सगळा जन्म एका वाड्यात राबलेली माणसं, आता शेजारी शेजारी, आणि सगळ्यांची दारं वळलेली.

त्या फार्मच्या मालकीणबाईंनी एका उन्हाळ्यात तीच वस्ती बघितली होती. त्या इथल्याच, अमिराती, खूप वयस्कर. जुन्या पिढीतल्या अनेकांसारखं त्यांना हिंदी बरं येतं. पहिल्या मीटिंगला त्या म्हणाल्या, "इन लोगों ने मेरे बच्चे बड़े किये. अब मैं इनको फ्लॅट में डालूँगी क्या?" इन लोग म्हणजे त्यांच्याकडे उभं आयुष्य काढलेली, परत जायला कोणी न उरलेली माणसं: स्वयंपाकीण, ड्रायव्हर आणि त्याची बायको, मुलांना सांभाळणारी दाई, माळी. त्यांच्यासाठी चार घरं, अगदी तशीच. मला त्या बाईंचं मन मोठं वाटलं आणि त्याच वेळी भीतीही वाटली, कारण दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या धनवान माणसाचंही मन मोठंच असणार.

ऑफिसने मला ती वस्ती बघायला पाठवलं. थंडी होती, सारखी भुरभुर, आणि मी छत्री व कॅमेरा दोन्ही सांभाळत हिरवळीवर फिरत होते. तिथे अजून माणसं राहतात. घरं खरोखरच सुंदर आहेत, आई. दगडाला पावसाने मधासारखा रंग आला होता, गवताच्या छपराची कड इतकी जाड की तिच्याखाली एक माणूस कोरडा उभा राहील. मी एका धुराड्याचा फोटो घेतला आणि खालच्या खिडकीत एक बाई हातात कप घेऊन उभी दिसली. तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, नुसतं सवयीने, आणि पडदा ओढून घेतला. मला इतकी लाज वाटली की मी तो फोटो पुसून टाकला. मग वाटलं, कामासाठी तर पाठवलंय, असं पुसणंही बरोबर नाही, म्हणून तोच फोटो पुन्हा काढला, खिडकी वगळून.

परत येऊन मी प्लॅन केला. पुढून सगळं मूळ घरांसारखं. दगड रास अल खैमाच्या डोंगरातला. गवत खरं चालत नाही, आगीच्या भीतीने, म्हणून न जळणारं बनावट. धुराडी नुसती शोभेची ठेवायला माझं मन घेईना, म्हणून त्यांतून स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट नेला, निदान फोडणीचा वास तरी वरून जाईल. दारं मूळच्यासारखी वळलेली. पण मागे मी चारही घरांना एकेक मागचं दार दिलं आणि ती चारही एकाच अंगणात उघडली. मधे घाफचं, म्हणजे आपल्या शमीचं, झाड, एक नळ, एक लांब बाक. हे कुणी सांगितलं नव्हतं. ते काढताना मी एकही रेघ खोडली नाही, एरवी प्रत्येक रेघ दोनदा खोडते.

आमचा बॉस बैरूतचा आहे. मनाने चांगला, पण घाईचा. त्याने प्लॅन बघितला आणि मागच्या चारही दारांवर लाल फुल्या मारल्या.

"हबीबती, हे काय आहे?"

"मागची दारं."

"रेफरन्समध्ये नाहीत."

"आहेत. फोटोत दिसत नाहीत, कारण मागून फोटो कोणी काढत नाही."

तो हसला. मग बोटांवर मोजून सांगू लागला की दार म्हणजे वाळू, दार म्हणजे एसीची गळती, दार म्हणजे पालीपासून मांजरापर्यंत सगळ्यांना आमंत्रण. मी म्हणाले, राहणाऱ्यांना विचारून बघू या का? तो म्हणाला, राहणारे क्लायंट नसतात, क्लायंट मॅडम आहेत. मी गप्प बसले. माझं गप्प बसणं लोकांना भांडणापेक्षा जास्त छळतं, हे मला अलीकडे कळलंय. शेवटी तोच वैतागून म्हणाला, "यल्ला, गुरुवारी साइटवर जातेच आहेस, तर विचार. एकाने जरी दार मागितलं, तर मी स्वतः बसून काढून देईन. कोणी नाही मागितलं तर खलास. मग मला ते दार स्वप्नातही दिसता कामा नये."

स्वयंपाकीणबाई रत्नागिरीकडच्या मुसलमान. त्या फार्मच्या मोठ्या स्वयंपाकघरात कोळंबी सोलत बसल्या होत्या. मी मराठीत बोलल्यावर त्यांनी मान वर केली.

"कुठची गो तू?"

"रायगडची. श्रीवर्धनकडची, मावशी."

"खाला म्हन. मावशी म्हनून हाक मारलीस तर मी वळून बघायची नाय. मासे खातेस ना?"

"खाते."

"मग बस."

मी त्यांना घराचं रंगीत चित्र दाखवलं. त्यांनी कोळंबीचे हात लांब धरून, मान तिरपी करून बघितलं. "हे माजं घर? हे तर चाकलेटच्या डब्यावरचं हाय." मला एकदम हसू आलं आणि रडूही. मी आतलं सगळं दाखवलं, शेगडी कुठे, मोरी कुठे, नमाज पढायची जागा कुठल्या दिशेला. त्यांना पटत गेलं. मग मी मागच्या दाराशी आले. मी म्हणाले की सगळ्यांची मागची दारं एका अंगणात उघडतील, संध्याकाळी तुम्ही सगळे झाडाखाली बसाल, बोलाल.

"कोनाशी बोलाल?"

"शेजाऱ्यांशी. दाई आहे, ड्रायव्हर आहे, त्याची बायको आहे."

"ती बाय?" खालांनी कोळंबी भांड्यात आपटली. "सकाळी साखर मागते, दुपारी मीठ मागते, सांजच्याला माजा मेंदू मागते. सगळा जन्म या मानसांच्या मधी काढला मी. निजायला पन एका खोलीत. आता म्हातारपनी पन त्यांच्याच अंगनात बसवतेस? नको गो बाय. मला एकच दार दे, आनि ते पन जाड."

मी मान हलवली. कोळंबीच्या सालांकडे बघत राहिले. दाई झोपली होती, माळ्याने "जैसा मॅडम बोलेगी" म्हणून विषय संपवला, आणि ड्रायव्हरच्या बायकोला विचारायचं धैर्य मला आता होत नव्हतं. माझं दार गेलं, असं मी धरून चालले. मला ते फार लागलं, आणि इतकं का लागावं हेही कळेना. घरं त्यांची, त्यांना नको तर नको. पण मला वाटत होतं की कोणीतरी तुलाच नाही म्हणालं.

दुपार कलल्यावर मालकीणबाई जागा बघायला आल्या. आदल्या दिवशी मजुरांनी खालांच्या घराचा आराखडा जमिनीवर फक्कीने पूर्ण मापाने आखून ठेवला होता. कागदावर कळत नाही ते माणसाला पायाखाली कळतं, म्हणून मी हे नेहमी करून घेते. वाळूवर पांढऱ्या रेघांचं घर, भिंती नाहीत, छप्पर नाही. मालकीणबाई गाडीतच बसल्या होत्या, काच खाली करून. खालांना त्यांनी हाताने खूण केली, जा, तुझं घर बघ. खालांनी चपला दाराच्या रेघेबाहेर काढल्या, वाळूवर, आणि आत पाऊल टाकलं. त्यांनी चपला काढल्या ते बघून मी पण काढल्या. पायाला चटका बसत होता. त्या शेगडीपाशी उभ्या राहिल्या, हात पुढे करून अंदाज घेतला. निजायच्या खोलीत जाऊन आल्या. खिडकीच्या जागी वाकून बघितलं.

गाडीतून मालकीणबाई म्हणाल्या, "सर्दी में मेहमान आयेंगे, सबको दिखाऊँगी. फोटो लेंगे. अच्छा है ना?"

"अच्छा है, मामा," खाला म्हणाल्या. इथे घरातली नोकरमाणसं मालकिणीला मामा म्हणतात.

मग त्या स्वयंपाकघराच्या रेघेत परत आल्या, उभ्या राहिल्या, आणि ओठ न हलवता म्हणावं तसं मला म्हणाल्या, "ऐकलंस? फोटो."

"हो."

"आनि मी सकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन कुटून जाऊ? गुलाबाच्या वेलाखालून?"

मी पुढच्या दाराच्या रेघेकडे बघितलं.

"दार ठेव मागचं."

"पण तुम्ही तर..."

"अंगन नको. झाड नको. दार ठेव, आनि दाराभायेर भिंत घाल, माज्या डोक्यापरत. त्या बायला दिसता नये. आत एक खुर्ची मावली पायजे."

"कोणी आलं तर बसायला?"

"कोन येतंय? मला बसायला. कवळी काढून, पाय पसरून. फुडून सगळं फोटोचं. मागं तरी तोंड वाकडं करून बसू दे की मानसाला." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला नाय कळायचं. तुजे दात हायेत."

मी हसले, मनापासून हसले. बॉसला फोन केला. तो म्हणाला, "मागितलं? खरंच? तू त्यांच्या तोंडात शब्द भरवले नाहीस ना?" मी म्हणाले, नाही, उलट मी भरवलेलं सगळं त्यांनी बाहेर काढलं. त्याने शब्द पाळला. स्वतः बसून दाराचा डिटेल काढला, वाळू येऊ नये म्हणून उंबऱ्याला खाच, आणि बाहेर छोटं भिंतीआडचं अंगण, प्रत्येकाचं वेगळं. माझं एकत्र अंगण गेलं. घाफचं झाड हिरवळीवर, पुढे गेलं, जिथे ते फोटोत छान दिसेल.

त्या दिवशी परत येताना मी ऑफिसच्या गाडीत मागच्या सीटवर होते, ड्रायव्हर रेडिओ ऐकत होता, बाहेर सपाट वाळू आणि विजेचे खांब. आणि मला एकदम तुझी कचऱ्याची पिशवी आठवली. कशी विसरले होते कोण जाणे. आपल्या मजल्यावर कॉरिडॉरच्या टोकाला कचरा टाकायची खोली होती, भिंतीत झडप आणि वर एक अरुंद खिडकी. रोज सकाळी तू मला म्हातारीच्या घराचा आतला भाग काढायला लावून पिशवी घेऊन जायचीस. पिशवी टाकायला एवढा वेळ लागत नाही, हे मला त्या वयातही कळत होतं. एकदा मला धीर निघाला नाही. मी दार उघडून, भिंतीला धरून तिथवर गेले. तू खिडकीशी उभी आहेस. केस मोकळे सोडलेले, जे तू घरात कधी सोडत नाहीस. गालात काहीतरी आहे, बडीशेप असेल, तू चघळते आहेस आणि काहीतरी गुणगुणते आहेस, सूर नसलेलं, फार वाईट. खाली खाडीवर नावा आहेत, पण तू त्या बघत नाहीस. तू कुठेच बघत नाहीस. मी तुला हाक मारली नाही. परत येऊन म्हातारीच्या चुलीला लाल रंग देत बसले.

त्या कॉरिडॉरमधल्या तुझ्या चेहऱ्याला मी मनात नंतर कधीतरी दुःख असं नाव दिलं, आणि मग तो चेहराच विसरून गेले, नाव तेवढं राहिलं. पण आता तो चेहरा परत आलाय तर त्यात दुःख सापडत नाही. मी खूप शोधलं. तू मजेत होतीस, आई. निदान तेवढा वेळ. तू पाय पसरून बसली होतीस, उभ्या उभ्या.

मला खात्री करून घ्यायची होती, म्हणून शुक्रवारी बाबांना गावी फोन लावला. ते रिटायर झाल्यापासून तिकडेच असतात, नारळाच्या झाडांवरून शेजाऱ्याशी भांडतात आणि खूश असतात. मी सरळ विचारलं, "बाबा, आई शारजात एकटी पडली होती का?"

"एकटी? तुझी आई?" ते खोकत हसले. "तिच्या माहेरी दाराला कडी कधी लागली नाही, एवढी माणसं. आंघोळीला नंबर. शारजात आल्यावर पहिल्या दिवशी दार आतून लावलं आणि मला म्हणते कशी, अहो, किती शांत आहे हो! मला वाटलं रडेल. ती तर झोपली. दुपारभर."

"पण माहेरच्या मागच्या दाराच्या गोष्टी सांगायची मला."

"गोष्टी सांगायला बऱ्या असतात गं. परत जायचं नसतं म्हणून तर गोष्टी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तो दुसरा प्रश्न विचारला, जो विचारायला मला वीस वर्षं लागली. "मग जागा मिळाल्यावर मला शाळेत का नाही पाठवलं?"

"कुठल्या वर्षी?"

"पेढे आणले होते तुम्ही."

"हां, ते." फोनवर कावळा ओरडत होता. "अगं, ती स्कूल बस पहाटे सहाच्या आधी यायची. तुझी आई म्हणाली, एवढ्या अंधारात पोरीला उठवणार नाही, पुढच्या वर्षी जवळच्या शाळेत बघू. झालं."

"बस?"

"हो, बस. तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी त्यांना सांगितलं नाही. नारळाचं काय झालं ते विचारलं आणि त्यांनी ते अर्धा तास सांगितलं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हलकी होते. मग हळूहळू हलकं वाटेनासं झालं. कारण तू एकटी नव्हतीस, तर इतकी वर्षं मी जे एकटेपण ओळखत आले, ज्याचा रंग, आवाज, संध्याकाळची वेळ मला पाठ आहे, ते कोणाचं होतं? मी ते तुझं म्हणून जपलं. त्यासाठी चार घरांची दारं एका अंगणात उघडायला निघाले. खालांनी ते अंगण फक्कीच्या रेघेसारखं पायाने पुसलं, तेव्हा मला वाटलं तुला लागलं. तुला काहीच लागलं नव्हतं. तू खिडकीशी उभी राहून बडीशेप खात होतीस.

हे कुठे धाडायचं नाहीच आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उम्म अल कुवैनच्या घरांच्या फोल्डरमध्ये ठेवून देईन, खालच्या बाजूला, जिथे कोणी उघडून बघत नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. मी अजून अल मजाजलाच राहते, आपल्या नव्हे, दुसऱ्या इमारतीत. समोरच्या दारात पुण्याचं एक कुटुंब आहे. काल संध्याकाळी त्या बाई आणि त्यांचा मुलगा लिफ्टपाशी भेटले. "अहो, किती दिवस समोरासमोर राहतोय आपण," त्या म्हणाल्या, "आज या ना, साबुदाण्याची खिचडी केलीय, चतुर्थी आहे." मुलगा लिफ्टचं बटण दाबून धरत म्हणाला, "मम्मा, लिफ्ट इज हिअर." मी त्यांना म्हटलं, आज नाही जमणार हो, उद्या सबमिशन आहे, रात्रभर बसावं लागेल. त्या म्हणाल्या, बरं, मग नंतर नक्की या. सबमिशन दुपारीच झालं होतं, आई. मला काहीही काम नव्हतं.